‘लय भारी’च्या पुढे : एकमेकांचे निसर्गफोटो पाहण्याची आणि त्यांवर बोलण्याची रीत

सप्टेंबरच्या अखेरीस एखाद्या रविवारी संध्याकाळी सातारकराने मोबाइल उघडला, की कास पठारावरचा तोच गुलाबी गालिचा त्याला दहा जणांकडून आलेला दिसतो, आणि त्या दहाही फोटोंना ‘लय भारी’, ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’ यांपैकी काहीतरी उत्तर गेलेले असते. या शब्दांत आपुलकी असते आणि आपुलकीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु पहाटे उठून, यवतेश्वरचा घाट धुक्यात चढून, ओल्या कातळावर गुडघे टेकून ज्याने तो फोटो काढला, त्याला पुढच्या रविवारी वेगळे काय करावे हे त्या शब्दांतून कळत नाही.

आम्ही आठ हौशी मंडळी गेली काही वर्षे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून एकमेकांचे फोटो पाहतो. पाच जण साताऱ्याचे, दोघे सांगलीहून येणारे आणि एक तासगावकडचे द्राक्षबागायतदार. आमच्यापैकी कोणीही व्यावसायिक नाही, आणि सुरुवातीच्या काही बैठका तर एकमेकांची स्तुती करून चहा पिण्यातच संपल्या. त्यानंतर ठेचकाळत जी रीत बसली, ती येथे सविस्तर लिहीत आहे. तिच्या मुळाशी एकच विचार आहे. लडाखला एकदा जाऊन आलेल्या माणसाला ‘अर्धा तास आधी पोचायला हवे होते’ असे सांगून फारसा उपयोग नसतो, परंतु कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, ठोसेघरही तितकेच जवळ आहे आणि सांगलीकराला तर कृष्णेचा घाट घरामागेच आहे. आपल्याला त्याच जागी पुन्हा जाता येते. म्हणून फोटोवरची सूचना अशी असावी, की ती खिशात घालून माणूस पुढच्या सुट्टीला त्याच दगडापाशी जाऊन उभा राहू शकेल.

किती फोटो आणावेत आणि कोणते

प्रत्येकाने तीन फोटो आणावेत, चौथा आणू नये. आठ जणांचे चोवीस फोटो होतात, प्रत्येक फोटोला पाच मिनिटे दिली तरी दोन तास जातात, आणि दोन तासांनंतर माणसाचे डोळे उघडे असले तरी पाहणे थांबलेले असते. मी एकदा ठोसेघरच्या धबधब्याचे साठ फोटो घेऊन गेलो होतो. विसाव्या फोटोपर्यंत यजमानांनी दोनदा घड्याळ पाहिले होते, तिसाव्याला कोणीतरी क्रिकेटचा विषय काढला आणि साठावा फोटो मी बहुधा एकट्यानेच पाहिला. त्या साठांपैकी चांगले तीन कोणते हे मला स्वतःला माहीत नव्हते, म्हणून निवडीचे ओझे मी दुसऱ्यांवर टाकले होते.

निवड करण्याची सर्वांत सोयीची पद्धत जुनीच आहे. मनात भरलेल्या पंधरा-वीस फोटोंच्या चार बाय सहा इंचांच्या साध्या प्रिंट काढून घ्याव्यात, त्या सतरंजीवर पसराव्यात आणि दोन दिवस तशाच येता-जाता दिसू द्याव्यात. काढताना झालेले कष्ट तोवर विसरलेले असतात आणि फोटो नुसता फोटो म्हणून दिसू लागतो. कॅमेऱ्याशी काडीचाही संबंध नसलेल्या घरातल्या माणसाला, आईला किंवा शेजारच्या काकूंना, ‘आधी काय दिसले’ एवढेच विचारावे. माझ्या आईने एका सज्जनगडाच्या फोटोत गड सोडून खालच्या कोपऱ्यातली पाण्याची बाटली आधी दाखवली होती, आणि तोवर ती बाटली मला दिसलीच नव्हती.

या तीन फोटोंपैकी एक तरी फोटो अडलेला असावा, म्हणजे ज्यात काहीतरी जमलेले नाही आणि काय ते आपल्याला कळत नाही असा. बैठकीत सर्वांत अधिक मिळते ते याच फोटोतून. तिन्ही फोटो घासूनपुसून आणणारा माणूस शाबासकी मागायला आलेला असतो आणि त्याला शाबासकीच मिळते.

दाखवण्याची तयारी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण त्याकडे दुर्लक्ष केले तर पुढची सारी चर्चा फोटोऐवजी पडद्यावर होते. घरचा टीव्ही बहुतेक वेळा ‘व्हिव्हिड’ अशा नावाच्या भडक मोडवर असतो. त्यात सोनकीच्या फुलांचा पिवळा डोळ्यांत घुसतो आणि गवताच्या कडांना पांढरी रेघ येते. तो बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावावा. केबलने लॅपटॉप जोडल्यावर काही टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापून दाखवतात, तेव्हा चित्राच्या आकाराचे सेटिंग तपासावे, नाहीतर ‘कडेला जागा सोडायला हवी होती’ अशी सूचना कॅमेऱ्याला नव्हे तर टीव्हीला लागू पडेल. मोबाइलवर पाहायचे असेल तर डोळ्यांच्या सोयीसाठी लावलेला पिवळसर प्रकाशाचा मोड बंद करावा.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन आणि दाबला जाऊन पोचतो, त्यामुळे धुक्यातल्या किंवा आकाशातल्या हलक्या छटांचे पट्टे पडतात. ज्या फोटोवर बारकाईने बोलायचे आहे तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मात्र तसे पाठवताना मूळ फाइल जशीच्या तशी जाते, आणि मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कोठे काढला याची नोंदही तिच्याबरोबर जाते. दुर्मीळ फुलाचा किंवा घरट्याजवळचा फोटो असेल तर हे ध्यानात ठेवावे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

फोटोंना नावे न देता क्रमांक द्यावेत, आणि एकाने ते सगळे एकत्र मिसळावेत. आपल्याकडे वयाचा मान मोठा आहे, तो असावाही, परंतु काकांचा फोटो आहे हे ठाऊक असले की तिशीतला मुलगा तोंड उघडत नाही, आणि त्या मुलाचा फोटो आहे हे कळले की काका त्याला कॅमेरा कसा धरावा येथपासून शिकवू लागतात. क्रमांकामुळे दोघांचीही सुटका होते. अर्थात दोन वर्षांनी कोणाची नजर कशी आहे हे सगळ्यांना कळून चुकते, आणि मग हा बुरखा फारसा टिकत नाही.

बोलण्याआधी पाहणे

फोटो पडद्यावर आला की पूर्ण एक मिनिट कोणीही बोलू नये. एक मिनिट हा ऐकायला लहान वाटणारा, पण प्रत्यक्षात फार लांब काळ असतो. पहिल्या दहा सेकंदांत विषय दिसतो, नंतर नजर कंटाळून कडांकडे जाते आणि तेथेच बहुतेक गोष्टी सापडतात. अर्धे कापलेले फूल, कोपऱ्यातून आत घुसलेली फांदी, चाळकेवाडीच्या पवनचक्कीचे फ्रेमबाहेर गेलेले एखादे पाते, माणसाच्या डोक्यातून उगवल्यासारखा विजेचा खांब, हे सर्व कडांचे आणि पार्श्वभूमीचे दोष आहेत. मग फोटो अगदी लहान करून पाहावा. टपाल तिकिटाएवढा झाल्यावरही त्यात काय आहे ते कळत असेल तर त्याची मांडणी भक्कम आहे. शेवटी तो उलटा करून पाहावा, कारण उलट्या फोटोत डोंगर डोंगर राहत नाही, केवळ गडद आणि उजळ आकार उरतात, आणि वजन कोणत्या बाजूला झुकले आहे ते लगेच कळते. प्रिंट असेल तर पुठ्ठ्याचे काटकोनी दोन तुकडे कापून ते तिच्यावर सरकवत फ्रेम लहान-मोठी करून पाहण्याचा उपाय अजूनही लॅपटॉपपेक्षा बरा आहे, कारण तो एकाच वेळी चार जणांना हाताळता येतो.

फोटो काढणाऱ्याने या वेळी एक अक्षरही बोलू नये. किती जळवा चिकटल्या, धुके निवळण्याची किती वाट पाहिली, बामणोलीची शेवटची बोट कशी चुकली, यांतले काहीही फोटोत दिसत नाही. मिनिट संपल्यावर त्याने महिना, वेळ आणि ‘मला यात काय दाखवायचे होते’ हे एका वाक्यात सांगावे. हे वाक्य आवश्यक आहे, कारण त्यावाचून सूचना करणारा माणूस स्वतःचा फोटो दुसऱ्याकडून काढून घेऊ पाहतो.

सूचनांचे तीन ढीग

मनात आलेली प्रत्येक सूचना बोलण्यापूर्वी ती कोणत्या ढिगात जाते हे ठरवावे. पहिला ढीग घरी बसून दुरुस्त होणाऱ्या गोष्टींचा, दुसरा जागेवर जाऊनच दुरुस्त होणाऱ्या गोष्टींचा आणि तिसरा निसर्गाच्या मर्जीवर असलेल्या गोष्टींचा. ‘आकाशात ढग हवे होते’ हे तिसऱ्या ढिगातले वाक्य आहे आणि ते मनातच ठेवावे. पहिल्या ढिगातली सूचना एका वाक्यात उरकावी, कारण थोडे क्रॉप करणे, म्हणजे कडा कापणे, किंवा सावल्या किंचित उजळणे हे ज्याचे त्याला जमते. वेळ द्यायचा तो दुसऱ्या ढिगाला. कोठे उभे राहायचे, किती वाजता, कॅमेऱ्याची कोणती तडजोड स्वीकारून, हे सारे तेथे येते.

कासच्या तेरड्याचेच घ्यावे. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचे नाव जागतिक वारसा यादीत गेले, आणि तेव्हापासून त्या गुलाबी पठाराचे इतके फोटो निघाले आहेत की त्यांतले बहुतेक एकसारखेच चुकलेले आहेत. दूरचा गालिचा सुंदर दिसतो, परंतु जवळच्या फुलांच्या पाकळ्या सपाट गुलाबी कागदासारख्या होतात, त्यांवरच्या शिरा आणि घड्या नाहीशा होतात. अशा वेळी ‘रंग जरा जास्त झाला’ ही सूचना अपुरी आहे. घडलेले असते ते असे, की गडद गुलाबी रंगात लाल प्रकाश फार असतो, त्यामुळे कॅमेऱ्याची लाल वाहिनी, म्हणजे लाल प्रकाशाची वेगळी नोंद, हिरव्या आणि निळ्या या इतर दोन वाहिन्यांच्या कितीतरी आधी काठोकाठ भरते, आणि एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती हे दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, ठीक दिसत असला तरी लालमधला तपशील गेलेला असतो. म्हणून सूचना अशी करावी : ‘तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा, लाल उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपने कमी करा, जमल्यास रॉ फाइल ठेवा, आणि ढग सूर्यावर येईपर्यंत थांबा.’ या एका वाक्यात पुढच्या रविवारचे काम आहे. (एक्स्पोजर म्हणजे फोटोला मिळणारा एकूण उजेड, एक स्टॉप म्हणजे तो दुप्पट किंवा निम्मा करणे, आणि रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल.) सीतेच्या आसवांची गोष्ट निराळी आहे. त्या निळ्या-जांभळ्या फुलांचा रंग अनेक कॅमेऱ्यांत प्रत्यक्षाहून वेगळा उतरतो, आणि तेथे फोटो काढणाऱ्याला दोष देण्यापूर्वी ‘प्रत्यक्षात जांभळा अधिक होता का’ असे विचारणे बरे.

धुक्यातले फोटो राखाडी आणि मळकट येतात, कारण कॅमेरा समोरचे सारे मध्यम उजेडाचे समजून पांढऱ्याला खाली ओढतो. येथे सूचना उलट दिशेची असते, एक्स्पोजर एक स्टॉपपर्यंत वाढवण्याची. पांढऱ्या गेंदाच्या फुलांनाही हेच लागू पडते, आणि काळ्याभोर कातळाने भरलेल्या फ्रेमला याच्या नेमके विरुद्ध.

दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे फोटो आमच्या बैठकीत दर पावसाळ्यात येतात आणि दर पावसाळ्यात कोणीतरी ‘सगळे शार्प नाही’ असे म्हणतो. वस्तू कॅमेऱ्याच्या सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उतरेल इतक्या जवळून काढलेल्या फोटोत लेन्सचे छिद्र एफ 8 या मध्यम मापाला असताना स्पष्ट दिसणारी खोली एक मिलिमीटरच्या आसपास असते, हे एकदा समजून घेतले की तक्रारीचे रूप बदलते. मग सूचना होते, की काय स्पष्ट हवे ते आधी ठरवा, कॅमेऱ्याची पाठ पानाला समांतर धरा म्हणजे तो एक मिलिमीटर वाया जाणार नाही, आणि उजेड पाठीमागून येऊ द्या म्हणजे चिकट थेंब चमकतील. ओणवे होऊन हे सारे करताना आपले पोट दुसऱ्या कोणत्या फुलावर टेकले आहे हे पाहावे, हीसुद्धा सूचनाच आहे.

पाण्यावरच्या फोटोंविषयी सर्वांत जास्त उच्चारले जाणारे वाक्य म्हणजे ‘क्षितिज तिरके आहे’. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या फोटोत ते अनेकदा चुकीचे असते. समोरचा किनारा आपल्यापासून तिरका दूर जात असेल तर कॅमेरा अगदी सरळ धरला तरी काठाची रेघ फोटोत तिरकीच दिसणार, आणि ती मोबाइलमध्ये ओढून सरळ केली की झाडे कलतात. खात्री करण्याचा उपाय प्रतिबिंबात आहे. स्थिर पाण्यात वस्तू आणि तिचे प्रतिबिंब नेहमी एकाखाली एक, उभ्या रेषेत पडतात. म्हणून एखादा ठळक शेंडा आणि पाण्यातला त्याचाच शेंडा यांना जोडणारी रेघ फ्रेमच्या कडेला समांतर असेल तर फोटो सरळ आहे, मग काठ कसाही दिसो. त्याच फोटोत पाण्यातले आकाश वरच्या आकाशाहून उजळ दिसत असेल, तर मात्र एडिटिंगमध्ये वरचा भाग गरजेपेक्षा अधिक गडद केला आहे असे नि:शंक म्हणावे, कारण पाणी आकाशाला त्याच्याहून उजळ करून दाखवत नाही.

धबधब्याच्या बाबतीत हेतूचे वाक्य ऐकल्याशिवाय बोलूच नये. एकाला पाणी रेशमासारखे हवे असते आणि दुसऱ्याला त्याची धडक हवी असते. जुलैतल्या ठोसेघरला एक सेकंदाचे शटर दिले, म्हणजे तेवढा वेळ कॅमेऱ्यात उजेड घेतला, तर रेशीम न होता नुसता पांढरा पडदा होतो, कारण पाणीच इतके असते. तेथे 1/15 ते 1/30 सेकंदाच्या दरम्यान धारा वेगळ्या राहतात आणि गतीही दिसते. तोच रेशमी परिणाम ऑक्टोबरमध्ये, धार बारीक झाल्यावर, सहज मिळतो. ओल्या दगडांची आणि पानांची पांढरी चकाकी लेन्सपुढे लावायच्या पोलरायझर फिल्टरने जाते, फक्त त्यासाठी एक ते दोन स्टॉप उजेड द्यावा लागतो हे सांगायला विसरू नये.

उभे राहण्याच्या जागेविषयीची सूचना सर्वांत मोलाची असते आणि तीच करताना सर्वांत अधिक भान लागते. सांगलीच्या एका मित्राने आयर्विन पुलाचा सूर्यास्ताचा फोटो आणला होता. 1929 चा तो पूल सांगलीकरांना एरवी पाण्याच्या फुटांवरून माहीत असतो, पावसाळ्यात पातळी चाळीस फुटांना इशाऱ्याची आणि पंचेचाळीसला धोक्याची म्हणून रोज बातम्यांत येते. फोटोत सूर्य सांगलीवाडीच्या बाजूला बरोबर होता, परंतु पुलाचा काळा आकार पलीकडच्या काठावरच्या काळ्या झाडीत मिसळून गेला होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, की आणखी खाली, थेट पाण्याच्या पातळीला कॅमेरा नेला असता तर कमानींमधून चमकते पाणी दिसले असते. मित्र शांतपणे म्हणाला, ‘कृष्णेत मगरी आहेत, भाऊ.’ तेव्हापासून जागेची सूचना आम्ही प्रश्नाच्या रूपात करतो : ‘दोन पावले डावीकडे सरकण्याजोगे होते का?’ ‘डावीकडे दरी होती’ हे त्यावरचे पूर्ण आणि अंतिम उत्तर मानले जाते. पुलाच्या बाबतीत उपाय नंतर निघालाच, तो म्हणजे खाली न जाता घाटावरच काही पावले बाजूला जाऊन झाडीतली फट पुलामागे आणण्याचा.

आणखी एक चूक माझीच आहे आणि ती सांगितल्यावाचून हा भाग पुरा होणार नाही. सांगलीच्याच एका काकांनी उन्हात पसरलेल्या, पॉलिश केलेल्या हळदीच्या राशीचा फोटो आणला होता. मी तो पाहताच ‘पिवळा फारच ओढला आहे, इतका पिवळा नसतो’ असे म्हणून मोकळा झालो. काका काहीच बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी रुमालात बांधून मूठभर हळकुंडे आणली, खिडकीतल्या उन्हात फोटोच्या प्रिंटशेजारी ठेवली आणि चहा मागितला. प्रिंट हळकुंडांपेक्षा फिकटच होती. जी वस्तू आणि जी जागा आपण पाहिलेली नाही, तिच्या रंगाविषयी विधान करू नये, विचारावे.

शब्द आणि सूर

बोलण्याचा क्रम असा ठेवला की भांडणे होत नाहीत. आधी दिसले ते सांगावे, मग वाटले ते, आणि शेवटी करून पाहण्यासारखे एक. ‘माझी नजर आधी उजवीकडच्या पांढऱ्या दगडावर गेली, त्यामुळे फुलांपर्यंत पोचायला वेळ लागला, थोडे खाली बसून तो दगड गवताआड लपवता येईल का’ हे वाक्य ‘दगडामुळे फोटो बिघडला’ या वाक्याहून लांब आहे, पण त्यात तीन उपयोगी गोष्टी आहेत. वाक्याचा कर्ता शक्यतो फोटो असावा, ‘तुम्ही’ नसावा. वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘तुमचे चुकले’ म्हणणे आपल्याकडे जमत नाही आणि जमवण्याची गरजही नाही. ‘काका, या फोटोत वरचे आकाश बरेच रिकामे राहिले आहे’ असे म्हटले की काका स्वतःच पुढचे बोलतात.

एका माणसाने एका फोटोला एकच सूचना करावी. उरलेल्या सात जणांच्या सात सूचना फोटो काढणाऱ्याला पुरेशा आहेत. ‘लेन्स बदला’ ही सूचना मी तर सूचनाच मानत नाही. ती करणाऱ्याला काही सुचलेले नसते आणि ऐकणाऱ्याचा खिसा रिकामा होतो. विषय मध्यावर न ठेवता फ्रेमच्या एक तृतीयांश अंतरावर ठेवावा, या तृतीयांशाच्या नियमाचाही असाच दुरुपयोग होतो. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर उभे राहून पायऱ्यांची समोरासमोरची ठेवण दाखवायची असेल तर विषय मध्यभागीच शोभतो, तेथे नियम काढून बसण्यात अर्थ नाही.

स्तुतीही नेमकी असावी. ‘खाचरातल्या पाण्यात ढग पकडण्यासाठी तुम्ही बांधावर आडवे झालात हे कळते’ एवढे म्हटले तरी माणूस तेच पुन्हा करतो, कारण नेमके काय साधले हे त्याला आता ठाऊक झालेले असते.

ऐकणाऱ्याने वहीत लिहून घ्यावे आणि सर्वांचे बोलून होईपर्यंत खुलासा करू नये. हे कठीण आहे. मला अजूनही जमत नाही. नंतर त्याला दोन मिनिटे द्यावीत. सूचना कोणती घ्यावी आणि कोणती सोडावी याचा एक ढोबळ ठोकताळा आहे : तिघांची नजर एकाच ठिकाणी अडखळली असेल तर अडचण तेथे नक्की आहे, मग तिघांनी सांगितलेले उपाय एकमेकांच्या विरुद्ध का असेनात. उपाय आपला आपण शोधावा.

ज्याची स्तुती करू नये

काही फोटो चांगले असूनही त्यांना दाद देऊ नये. फुलांच्या मधोमध बसलेल्या माणसाचा कासवरचा फोटो पाहिला की मी एवढेच विचारतो, की तो तेथपर्यंत गेला कसा, कारण उडत तर गेला नसेल. पठारावरचा मातीचा थर फार पातळ आहे आणि पायवाट सोडून टाकलेल्या पावलांखाली पुढच्या वर्षीची फुले असतात.

पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो आम्ही बैठकीत पाहतच नाही. कृष्णेच्या मातीच्या दरडीत वेडा राघू बिळे करून अंडी घालतो, आणि समोर कोणी लेन्स रोखून बसले की चोचीत किडा धरून तारेवर नुसता बसून राहतो. आत पिल्ले उपाशी असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणे शिकारीच्या व्याख्येत येते, हे पुष्कळांना माहीत नसते. असा फोटो आला तर तो बाजूला ठेवून हे शांतपणे सांगावे. कंदीलपुष्पासारखे दुर्मीळ फूल असेल तर ‘कोठे सापडले’ हा प्रश्न चारचौघांत विचारू नये, आणि फाइलमधली जागेची नोंद पुसूनच ती पुढे द्यावी.

माणसांच्या बाबतीत आमच्यात एकमत व्हायला वेळ लागला. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने आपल्या जिल्ह्यातून जाते आणि चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते, तेव्हा आमच्यातले तिघे-चौघे हमखास तेथे असतात. धावत्या अश्वाचा फोटो थोडा हललेला असला तरी आम्ही त्यावर अर्धा तास बोलतो. उघड्यावर अंघोळ करणाऱ्या किंवा थकून झोपलेल्या वारकऱ्याचा फोटो कितीही ‘जिवंत’ असला, तरी त्याला विचारले होते का, एवढाच प्रश्न होतो.

वही

बैठकीत एक सामाईक वही ठेवावी. तिच्यात फोटोचा क्रमांक, जागा, वेळ आणि दुसऱ्या ढिगातली सूचना एवढेच लिहावे, कौतुक लिहू नये. कोणी त्या जागी पुन्हा जाऊन आला, की जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावून पाहावेत. कधी कधी जुनाच बरा ठरतो आणि सूचना करणाऱ्याला तेही ऐकावे लागते. हंगामात कासला जाण्यापूर्वी नोंदणी करावी लागते, तेव्हा वही आदल्या आठवड्यात उघडून कोणाकोणाचे तेथे काय राहिले आहे ते पाहून एकत्रच जावे. सज्जनगडाच्या नोंदी बहुतेक हिवाळ्यातल्या सकाळच्या आहेत, कृष्णाकाठच्या पक्ष्यांच्याही तशाच, आणि त्या वर्षभरात एकेक करून खोडल्या जातात. टोपली कारवीची नोंद मात्र तशी खोडता येत नाही. ती सात वर्षांतून एकदा फुलते, म्हणून तिच्यापुढे नुसता महिना लिहून भागत नाही, वर्षही लिहावे लागते.